अंगणांतलें खोटें गवत

गेल्या मार्गशीर्षांत अलिबाग तालुक्यांतील एका समुद्रकांठच्या गांवीं आमच्या एका स्नेह्यांच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीस जाण्याचा योग आला. मुंबईकरांनीं सुट्टीसाठीं बांधलेलीं अशीं घरें आतां किहीम, आवास, नागांव या बाजूस पावलोपावलीं दिसतात, व त्यांचें नवल वाटण्याचे दिवस केव्हांच गेले. नवल वाटलें तें मागीलदारीं गेल्यावर. जेथें पूर्वींच्या मालकाची पोफळीची वाडी होती, तेथें चोहों बाजूंनीं जाळी लावलेला, दिव्यांचे उंच खांब उभारलेला आणि डोळ्यांस खुपेल इतका हिरवा असा एक चौक पसरला होता. मीं वाकून त्यावर हात ठेवला, आणि चटका बसून तो मागें घेतला. महिना थंडीचा होता, वेळ भर दुपारची! यजमान हंसून म्हणाले, "टर्फ आहे. पाणी नको, कापणी नको, चिखल नाहीं. मुलांना बारा महिने खेळतां येईल."

आजच्या सुशिक्षित गृहस्थाचा सगळा युक्तिवाद या एका वाक्यांत आला आहे. तो जाहिरातींतून जसाच्या तसा उचललेला असला तरी त्यास उत्तर देणें अवश्य आहे. कारण हे गृहस्थ कांहीं दुष्ट नव्हेत, त्यांना खरोखरच मुलांचें हित करावयाचें आहे.

प्रथम या वस्तूची जन्मकथा पाहावी. १९६५ सालीं अमेरिकेंत ह्यूस्टन शहरीं खेळाचें एक प्रचंड मैदान छताखालीं बांधलें गेलें. छपरांतून येणाऱ्या उन्हानें खेळाडूंचे डोळे दिपूं लागले, म्हणून तेथील पारदर्शक तावदानें रंगविण्यांत आलीं. आणि उजेड न मिळाल्यामुळें आंतील खरें गवत मेलें. तेव्हां मोन्सँटो कंपनीनें काढलेलें कृत्रिम गवत १९६६ सालीं तेथें आंथरलें, व ॲस्ट्रोडोम या त्या वास्तूच्या नांवावरून त्यास ॲस्ट्रोटर्फ हें नांव पडलें. म्हणजे मूळचा हा तोडगा सूर्यास पारख्या झालेल्या जागेचा. आमच्या कोंकणांत सूर्य पोंचत नाहीं काय? जेथें वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, जेथें आषाढांत जांभ्याच्या गडग्यावरहि गवत उगवतें, तेथें गवताची नक्कल विकत आणून आंथरावी, याहून मोठी थट्टा कोणती?

हॉकीचें उदाहरण येथें हटकून पुढें करतात. १९७५ सालीं क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकणारा आपला संघ १९७६ सालीं माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्यें कृत्रिम मैदानावर सातवा आला, हें खरेंच आहे. ज्या मुलांना हॉकी खेळावयाची आहे त्यांना तसलें मैदान मिळालेंच पाहिजे. तें सार्वजनिक क्रीडासंकुलांत असावें आणि शेंकडों मुलांनीं तें वापरावें. पण वर्षांतून वीस-पंचवीस दिवस येणाऱ्या दोन मुलांच्या चेंडूफळीशीं माँट्रियलचा संबंध काय? आणि खेळाडूंचेंच मत घ्यावयाचें तर २०१५ सालीं कॅनडांत झालेल्या स्त्रियांच्या फुटबॉल विश्वचषकाची आठवण करावी. ती स्पर्धा कृत्रिम गवतावर ठेवली म्हणून नामांकित खेळाडूंनीं तेथील न्यायाधिकरणाकडे तक्रार नेली होती.

हें अंगण घालतात कसें, तें मात्र नीट पाहण्यासारखें आहे. आधीं वरची माती खरवडून काढतात. ही माती म्हणजे शेंकडों वर्षांचा पालापाचोळा कुजून झालेलें वाडीचें भांडवल. मग खडी पसरून रोलर फिरवितात, पुष्कळदां त्यावर उतार देऊन कोबा करतात, त्यावर पॉलिएथिलीनच्या पात्यांचे पट्टे चिकटवितात, आणि पातीं उभीं राहावींत म्हणून त्यांत वाळू व जुन्या टायरांचा चुरा भरतात. पाणी झिरपण्यास गालिच्याला भोकें असतात असें विक्रेता सांगतो. असतात! पण खालीं कोबा असल्यावर तें पाणी झिरपून जाणार कोठें? तें गटारांत, आणि गटारांतून समुद्रांत. किनाऱ्यावरच्या विहिरींतलें गोडें पाणी म्हणजे जमिनींतल्या खाऱ्या पाण्यावर तरंगणारा एक पातळ थर. दर पावसाळ्यांत तो भरला नाहीं आणि पंप मात्र चालत राहिला, कीं खालचें खारें पाणी वर येतें. एका चौकानें विहीर खारी होत नाहीं हें मलाहि कळतें. परंतु एकाच आळींत असे दहा चौक झाले, म्हणजे शेजारच्या कोळणीनें हंडा घेऊन कोठें जावें?

पावसाबरोबर टायरांचा चुराहि वाहतो. या रबरी चुऱ्याच्या विक्रीस युरोपीय संघानें २०२३ च्या नियमान्वयें २०३१ पासून बंदी ठरविली आहे. तिकडे जें नको झालें तें आम्ही हौसेनें वाडींत पसरतों. दिव्यांचीहि तीच कथा. वेळास, आंजर्लें, दिवेआगर येथील वाळूंत कांसवें अंडीं घालतात, आणि अंड्यांतून निघालेलीं पिलें उजेडाच्या रोखानें समुद्राकडे धांवतात. क्षितिजाहून प्रखर दिवा जमिनीच्या बाजूस लागला, तर तीं उलट दिशेनें जाऊन मरतात.

आतां राहिलें तें 'पाणी नको'. त्याच दिवशीं सायंकाळीं मुलें खेळावयास निघालीं, तेव्हां एक म्हातारा गृहस्थ रबरी नळी धरून त्या तापलेल्या प्लॅस्टिकवर पाणी मारीत होता. चौकशीअंतीं कळलें, कीं वाडीचा पूर्वींचा मालक तोच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत त्याच्या पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ फळास येण्यास सहा-सात वर्षें लागतात; तेवढा दम त्यास निघाला नाहीं. त्यानें जमीन विकली आणि तेथेंच राखणदारी पत्करली. एके काळीं पोफळींना शिंपणारा हात आतां पॉलिएथिलीनला शिंपीत होता.

मुलांनीं खेळूं नये असें माझें म्हणणें नाहीं. खडे वेंचावे, माती भिजवून चोपावी, चुन्याच्या रेघा माराव्या. खो-खो, हुतूतू, आट्यापाट्या, हवी तर चेंडूफळीहि, आठ महिने सुखेनैव चालेल. उरलेल्या चार महिन्यांत गवत फुकट उगवेल, आणि चिखलानें माखून घरीं येण्याचा आनंद मुलांना मिळेल. कपडे धुण्यास यंत्र आहेच.

निघतांना आम्ही फाटकाशीं उभे होतों. मालकांनीं सांगितलें, कीं हें गवत आठ-दहा वर्षें टिकतें, मग नवें टाकावयाचें. म्हाताऱ्यानें नळी गुंडाळतां गुंडाळतां विचारलें, "आणि साहेब, हें जुनं नेऊन टाकायचं कुठं?" यजमान मोटारीच्या किल्ल्या शोधूं लागले.