चुन्याचं पोतं घेण्याआधी विहिरीची कड बघा

बीड जिल्ह्यात पांढऱ्या भुकटीची पोती घेऊन कुणी दारात आला आणि "चुना टाका, रान सुधारतं" म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि मग विहिरीच्या कडेला न्या. काळ्या मातीच्या थराखाली पांढरे खडे दिसतात, तीच चुनखडी. तिच्यावर लिंबू पिळलं तर बारीक फेस येतो. हीच चुनखडी भट्टीत भाजून आणि घाण्यात मळून आपल्याकडचे जुने वाडे उभे राहिले. तोच चुना आता पैसे मोजून रानात कशाला ओतायचा?

चुना वाईट नव्हे. कोकणात, कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर धो-धो पावसानं जांभ्या मातीतला चुना धुऊन जातो आणि माती आम्ल होते. तिथं चुन्यानं पीक खरंच सुधारतं. आपल्या काळ्या रानाचा सामू (pH) बहुतेक ठिकाणी 7.5 ते 8.5 असतो. त्यात चुना वाढला की मातीत असलेलं स्फुरद, लोह, जस्तही मुळांना उचलता येत नाही. उसाची नाहीतर सोयाबीनची कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ते बहुधा लोहाच्या उपासमारीचं लक्षण, आपल्या भाषेत केवडा. त्याला 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस मिसळून फवारा, आणि रानात शेणखत घाला. मोसंबी लावायची असेल तर मीटरभर खड्डा घेऊन थराथराची माती तपासा. वरची फूटभर माती चांगली दिसते आणि झाड पाचव्या वर्षी फसवतं.

गोदाकाठी आणि कालव्याखाली चोपण झालेल्या रानाची गोष्ट वेगळी. तिथं सोडियम चढलेला असतो, आणि त्यावर चुना नव्हे, जिप्सम चालतं. तेही आधी चर काढून पाण्याला वाट दिली तरच. दोन्ही पांढरे, दोन्हींत कॅल्शियम. विकणारा हा फरक सांगेलच असं नाही.

आता कागदांचं. विक्रेता "सरकारी परवाना आहे" म्हणाला की विचारा, कशाचा? खाणीचा परवाना वेगळा, खतविक्रीचा वेगळा. आपल्या खनिज कायद्यात तर 2025 पर्यंत इमारतीच्या चुन्यासाठी भट्टीत जाणारा चुनखडक गौण खनिज होता, आणि सिमेंटच्या कारखान्यात गेला की तोच मुख्य खनिज! दगड एकच. खाणीच्या कागदावरून तुमच्या पिकाला काय मिळेल ते कळत नाही. खतांसाठी 1985 चा खत नियंत्रण आदेश आहे. म्हणून पोत्यावर घटकाचं नाव, टक्केवारी, बनवणाऱ्याचा पत्ता बघा आणि पक्कं बिल घ्या. 'भूसुधारक' एवढंच मोठ्या अक्षरात छापलं असेल तर पोतं परत गाडीत चढवा. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत शेतीच्या चुन्यावर त्याची आम्ल मारण्याची ताकद आणि भुकटीचा बारीकपणा छापावाच लागतो. भट्टीवाल्यांनो, तुम्हीही हे दोन आकडे आपणहून छापा, आणि माल जिथं माती आम्ल आहे तिथं पाठवा. गिऱ्हाईक तिकडं आहे.

माती तपासणीला मात्र चालढकल नको. पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी, रानात नागमोडी फिरत आठ-दहा जागची वीतभर खोलीची माती घ्या. बांध, गोठा, झाडाची सावली टाळा. सगळी एकत्र करून अर्धा किलो ठेवा. 2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात, पण चुनखडीचं प्रमाण त्यांत नाही. म्हणून अंबाजोगाईच्या किंवा गेवराई तालुक्यातल्या खामगावच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना देताना तोंडानं सांगा, "मुक्त चुना किती आहे तेही बघा." आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्या.