लावलेल्या झाडाचा मे महिन्यातला फोटो मागा

राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरांच्या समारोपाच्या बातम्या सध्या रोज छापून येत आहेत. अमुक गावात इतकी झाडे लावली, नदीकाठ झाडला, पथनाट्य केले, सरपंचांच्या हस्ते सत्कार झाला. ही योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास काम करायचे आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे, अशी तिची रचना आहे. तास मोजले जातात, हजेरी घेतली जाते, खड्डेही मोजले जातात. जगलेली झाडे मात्र क्वचितच मोजली जातात.

खरी मेख या सात दिवसांतच आहे. शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात, कारण तेव्हा सत्र परीक्षा आटोपलेल्या असतात. झाडाला परीक्षेचे वेळापत्रक कळत नाही. आमच्या शिरूर तालुक्यात रोप लावायचे ते पावसाने जमीन भिजल्यावर, आणि खड्डा त्याआधी उन्हाळ्यात खणून तापू द्यायचा. जानेवारीत लावलेल्या रोपाला पुढचे पाच महिने हाताने पाणी घालावे लागते. ते कोण घालणार, हे समारोपाच्या भाषणात कोणी सांगत नाही. शेवटच्या दिवशी तर घाई अशी की मुळाभोवतीची काळी पिशवी फाडायचीही राहून जाते आणि रोप पिशवीसकट खड्ड्यात बसते. बाभळीच्या काट्यांचे कुंपण तर दूरच. शिबिराची गाडी वळली की शेळ्या येतात.

दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही; ती पोरे मनापासून राबतात. महाविद्यालयांच्या ‘नॅक’ मूल्यांकनात पर्यावरणाच्या उपक्रमांना आणि हरित लेखापरीक्षणाला गुण आहेत आणि पुरावा म्हणून जिओटॅग केलेले फोटो जोडावे लागतात. त्यामुळे बॅनर, रोप, पाहुणे आणि खाली उमटलेले अक्षांश-रेखांश एवढे जमले की काम झाले. त्याच अक्षांश-रेखांशावर मे महिन्यात काय उभे आहे, हे कोणी विचारत नाही. 2019 मध्ये राज्य सरकारने 33 कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. पुढे जगलेल्या झाडांच्या आकड्यावरूनच विधिमंडळात वाद झाला आणि चौकशीसाठी समिती नेमावी लागली. महाविद्यालये तोच कित्ता गिरवत आहेत.

कागदापुरत्या कामाची हीच सवय वर्गातही आहे. पदवीला पर्यावरण हा विषय सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या निकालातून तो आला. त्याची प्रकल्पवही मात्र बहुतेकदा मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरते, आणि शिक्षकांनाही ते ठाऊक असते.

नदीकाठच्या सफाईचे तर नवलच आहे. तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते आणि तेच पाणी पुढे वढू बुद्रुकला येते. इंद्रायणी येते ती पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन, आळंदीवरून. तिथला फेस वारकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. ज्या शहरांतून ही घाण वाहत येते, त्याच शहरांतल्या महाविद्यालयांची मुले हातमोजे घालून सात दिवस काठावरच्या बाटल्या वेचतात आणि परत जातात. आपल्या वसतिगृहाचे आणि खानावळीचे पाणी कुठे जाते, याचा हिशेब त्यांनी आधी स्वतःच्या आवारात मागावा. शाश्वत विकासाचा प्रकल्प खरे तर तिथून सुरू व्हायला हवा.

आमच्या वढू बुद्रुक गावात काम नाही असे नाही. फाल्गुन अमावास्येला इथल्या छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधिस्थळी मोठी गर्दी लोटते. त्या दिवशी ओला-सुका कचरा जागच्या जागी वेगळा करायला शंभर हात कमीच पडतील. पण ती तिथी मार्च-एप्रिलमध्ये येते, शिबिराच्या सात दिवसांत बसत नाही.

सात दिवस सलगच हवेत, हा हट्ट सोडावा. दोन दिवस मे महिन्यात खड्ड्यांना, दोन जुलैत लागवडीला, एक ऑक्टोबरमध्ये आळी करायला आणि दोन मार्चमध्ये पाण्याला द्यावेत. अहवालासोबत प्रत्येक रोपाचे दोन फोटो घ्यावेत, एक लावल्याचा आणि एक पुढच्या मे महिन्याचा, त्याच जागेवरचा. दुसरा फोटो नसेल, तर पहिल्याचे गुण देऊ नयेत.

– एक वाचक, वढू बुद्रुक, ता. शिरूर