पिशवी मांडीवरून कॅरिअरवर

संध्याकाळी झाशीच्या सिपरी बाजारात उभं राहिलं की एक दृश्य सारखं दिसतं. पुढे गाडी चालवणारा पुरुष, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, तिच्या मांडीवर भाजीची पिशवी आणि पिशवीवर किराण्याची दुसरी पिशवी. एक हात सामानावर, दुसरा पदरावर. मागच्या सवारीने धरायची लोखंडी दांडी मात्र मोकळीच. पुण्या-नागपुरातल्या मंडईबाहेरही हेच दिसत असणार.

ही दांडी शोभेची नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायला पकड आणि पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं. आपल्याकडे चाकावर साडीगार्ड असतो, दांडीही असते. पण हातात पिशव्या असतील तर दांडी धरणार कशी? माझ्या आईचा खांदा दुखतो, तरी ओरछाला जाताना डबा आणि पाण्याच्या बाटल्या तिच्याच मांडीवर असायच्या. म्हणून या वेळी विषय घेतलाय शंभर सीसीच्या गाडीसाठी घरच्या मापाचा कॅरिअर.

आधी दूधवाल्यांकडे बघा

गावाकडून येणारे दूधवाले कॅन सीटच्या मागे उंचावर ठेवत नाहीत. लोखंडी चौकट घालून दोन्ही बाजूंना, मागच्या चाकाच्या आसाजवळ लटकवतात. त्यामागे साधा हिशोब आहे.

छोट्या गाडीच्या दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर साधारण सव्वा मीटर असतं. मागच्या आसाच्या 30 सेंटीमीटर मागे 20 किलो वजन ठेवलं, तर मागच्या चाकावर 20 नाही, जवळपास 25 किलो पडतात. वरचे 5 किलो पुढच्या चाकावरून उचलले जातात. पुढचं चाक हलकं झालं की हँडल थरथरतं आणि चढावर गाडी ऐकत नाही. तेच 20 किलो आसाच्या रेषेत लटकवले तर पुढचं चाक हलकं होत नाही.

मग आपणही बाजूलाच लटकवावं का? दूधवाला एकटा असतो. आपल्या मागे बसलेल्या बाईचे दोन्ही पाय डाव्या बाजूला असतात आणि उजवीकडे तापलेला सायलेन्सर. त्यामुळे मागे सवारी असताना सीटच्या मागचीच जागा उरते, आणि तिथे हलकंच सामान ठेवायचं. बजाजने 2021 मध्ये सीटी 110 एक्स ही गाडी कॅरिअरसकट आणली, तेव्हा त्या कॅरिअरची मर्यादा 7 किलो सांगितली होती. कंपनीने बसवलेल्या कॅरिअरला 7 किलो, तर आपल्यालाही तेवढेच. दहा किलोची आट्याची गोणी आणायची असेल तर सवारी घरी ठेवून एकट्याने जावं.

लोखंड कोणतं घ्यावं

वेल्डिंगवाल्याकडे गेलं की तो बहुधा 12 मिलिमीटरची भरीव सळी पुढे करतो. दिसायला मजबूत असते. तिच्याऐवजी पाऊण इंची चौकोनी पाइप मागा, 16 गेजचा. दोन्हींचं वजन मीटरला साधारण 900 ग्रॅमच, पण पाइप वाकायला सळीपेक्षा पाचपटीहून जास्त जोर लागतो.

सामान ठेवायचा चौकोन 30 सेंटीमीटर रुंद आणि 25 लांब पुरतो. त्याहून मोठा केला की घरातलं कुणी ना कुणी त्यावर जास्त लादतंच. चौकोन आणि पाय मिळून दोन मीटर पाइप, मधल्या पट्ट्यांसाठी 10 मिलिमीटरची सव्वा मीटर सळी. एकूण अडीच किलोच्या आसपास. लोखंड किलोवर मिळतं, त्यामुळे हा आकडा खिशाच्याही कामाचा.

मापं आणि जोडणी

1. मागच्या दांडीचे बोल्ट काढा. भोकांवर जाड कागद धरून वरून पेन्सिल घासा. भोकांचा ठसा उमटतो. तो प्लायवुडच्या तुकड्यावर चिकटवून वेल्डिंगवाल्याला द्या. गाडी दुकानात नेण्याची गरजच पडत नाही.

2. वेल्डिंग गाडीवर करू देऊ नका. जवळच पेट्रोलची टाकी असते, आणि नव्या गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्सही. चासीला टाका मारणं किंवा ती कापणं तर मुळीच नको. कॅरिअर बोल्टवर बसणारा आणि पाना फिरवला की निघणारा हवा.

3. आधार चार ठिकाणी हवा. दोन दांडीच्या बोल्टांवर आणि दोन खाली, शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या बोल्टांजवळ. खालचे दोन पाय तिरके येतात आणि त्रिकोण तयार होतो. नुसत्या वरच्या दोन बोल्टांवर टांगलेला कॅरिअर खड्ड्याखड्ड्याला वरखाली हलतो आणि शेवटी वेल्डिंगच्या जोडावरच तुटतो.

4. चौकोन सीटला जितका लगटून येईल तितका घ्या, पण सवारीच्या पाठीला टोचू नये. टेललाइट, इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकली जाता कामा नये. शॉकअब्सॉर्बर पूर्ण दबला तरी चाक आणि कॅरिअर यांच्यात अंतर राहायला हवं.

5. कोपरे गोल करून घ्या आणि पाइपची तोंडं बंद करा. अंगणात उभ्या गाडीच्या कॅरिअरची उंची लहान मुलाच्या डोक्याला लागेल एवढीच असते.

6. वेल्डिंगचा मळ घासून काढा, मग रेड ऑक्साइड आणि त्यावर काळा ऑइल पेंट. प्रायमर टाळला तर पहिल्याच पावसाळ्यात गंज वर येतो.

बोल्ट डोक्यावर 8.8 कोरलेला घ्या आणि नायलॉक नट लावा. साधा नट कंपनाने सैल होतो. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. वेल्डिंग सुरू असताना मुलांना दुकानात उभं करू नका. त्या झोताकडे थोडा वेळ पाहिलं तरी रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

बांधणं आणि चालवणं

सामान बांधायला जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या उत्तम. हुकवाले लवचीक दोर सुटले तर डोळ्यावर येतात. कशानेही बांधा, पण मोकळं टोक लटकत ठेवू नका. चाकात किंवा चेनमध्ये गेलं की चाक जागीच अडतं.

हवेचा आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो, एकट्यासाठी वेगळा आणि दोघांसाठी वेगळा. सामान आणि सवारी असेल तेव्हा दुसरा आकडा धरा. पेटीच लावायची असेल तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2020 मध्ये मापं सांगितली आहेत: लांबी 550, रुंदी 510 आणि उंची 500 मिलिमीटरच्या आत. पेटी सवारीच्या जागेवर ठेवली तर गाडीवर फक्त चालकाने बसायचं.

पहिल्या दिवशी काच किंवा अंडी नको. पाच किलो वाळू पिशवीत भरून कॅरिअरवर बांधा आणि मोहल्ल्यातून दोन चकरा मारा. उतरून प्रत्येक जोडावर हात फिरवा. तडा गेला असेल तर रंग आधी फाटतो. पन्नास किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा आवळा, त्यानंतर महिन्यातून एकदा. हे काम घरात एकाच माणसाकडे द्या आणि शक्यतो मागे बसणाऱ्याकडे द्या. आमच्याकडे बारा नंबरचा पाना आता आईच्या ताब्यात आहे.