वाहनाचे वजन आणि रिहे गावचा रस्ता

जड वाहनांकडून शहरांनी अधिक नोंदणीशुल्क घ्यावे काय, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत जगातील अनेक नगरांत विचारला गेला आणि काही ठिकाणी त्याला कृतीचे उत्तरही मिळाले. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन येथे, हलक्या मोटारीस वर्षाला ७२ डॉलर नोंदणीशुल्क ठेवण्यात आले, तर सहा हजार पौंडांहून, म्हणजे सुमारे २,७०० किलोंहून, अधिक वजनाच्या मोटारीस ५०० डॉलर. पॅरिसच्या नागरिकांनी ४ फेब्रुवारी २०२४ रोजी मतदान करून बाहेरून येणाऱ्या जड मोटारींचे वाहनतळशुल्क तिप्पट करण्यास अनुमती दिली. मतदानाला जेमतेम सहा टक्के मतदार आले, हा भाग वेगळा. जपानात तर १९७१ पासून मोटारीच्या वजनावर कर आहे. तेव्हा पुण्यानेही असे का करू नये, असे कोणी म्हटल्यास ते अयोग्य ठरणार नाही. तथापि हा प्रश्न पुण्यातून जसा दिसतो तसा मुळशीतून दिसत नाही.

पौडकडे जाणारा रस्ता घोटावडे फाट्यावर सोडून उत्तरेकडे वळले की पुढे रिहे खोरे लागते. भातखाचरांचा हा मुलूख. रिहे, पिंपळोली, कातरखडक ही येथील गावे. परंतु डोंगराच्या पलीकडे हिंजवडी-माणचे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि अलीकडे पिरंगुटचे कारखाने वाढले. त्यामुळे या परिसरातील रस्त्यांवर आठवड्याचे पाच दिवस खडी, मुरूम व सिमेंट वाहणारे डंपर आणि मिक्सर धावतात. शनिवार-रविवारी फार्महाऊसकडे निघालेल्या दोन-दोन टनांच्या मोटारी येतात. रस्ता मात्र बैलगाडी, एस.टी. आणि दुधाचा टेंपो एवढीच रहदारी मनात धरून केलेला. पहिल्या पावसात त्याचा थर सुटतो, दुसऱ्या पावसात खड्डे पडतात आणि तिसऱ्या पावसात ग्रामसभेत ठराव होतो. या वाहनांपैकी एकाचाही कर ग्रामपंचायतीच्या तिजोरीत पडत नाही. शहराच्या सोयीची किंमत खोऱ्याने मोजावी, हा प्रकार मुळशीला नवा नाही; १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथे जो सत्याग्रह सुरू झाला, त्याचे कारणही मुंबईला लागणारी वीज हेच होते.

प्रथम अधिकाराचा प्रश्न पाहू. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत ५७ व्या क्रमांकावर वाहनांवरील कराचा विषय आहे. म्हणजे कर राज्याचा. नोंदणीचे शुल्क केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत ठरते. म्हणजे शुल्क केंद्राचे. देशी बनावटीच्या खासगी मोटारीच्या नव्या नोंदणीचे शुल्क २०१६ च्या अखेरीस ६०० रुपये करण्यात आले, मग ती मोटार आठशे किलोंची असो वा अडीच हजार किलोंची. महानगरपालिकेच्या हाती यातले काहीच नाही. जकात होती तोवर शहराला आपल्या वेशीवर निदान मालाचा हिशेब मागता येत असे. पुण्यातली जकात २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही पुढे मागे घेतला गेला, आणि २०१७ पासून सारे वस्तू व सेवा कराच्या पोटात गेले. वॉशिंग्टनला जे जमले ते अशासाठी की, ते शहर करांच्या बाबतीत जवळजवळ राज्यच आहे. तेव्हा ‘शहरांनी शुल्क वाढवावे’ या मागणीचा आपल्याकडील पत्ता महापालिका नसून मंत्रालय आहे.

आता राज्याचा कर कसा आहे ते पाहा. पेट्रोल मोटारीवर किमतीच्या चढत्या टप्प्यांनुसार ११, १२ व १३ टक्के, डिझेल मोटारीवर १३, १४ व १५ टक्के, असा तो एकदाच भरावयाचा कर आहे. त्याची कमाल मर्यादा २० लाख रुपये होती, ती जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. दुचाकीवर इंजिनाच्या क्षमतेनुसार १० ते १२ टक्के. म्हणजे एखाद्या कारकुनाची शंभरसव्वाशे किलोंची स्कूटर आणि साधी पेट्रोल मोटार या दोहोंवर कराचा दर एकच, ११ टक्के! या साऱ्या हिशेबात वजन कोठेही नाही. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू वाहनांना वजनाच्या टप्प्यांनुसार कर होता. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यांनाही किमतीच्या ७ टक्के असा एकरकमी कर लावण्याचे ठरले. जेथे वजनाचा निकष होता तेथूनही तो काढण्यात आला, आणि विधिमंडळाबाहेर त्याची फारशी चर्चाही झाली नाही. वसुलीला सोपे म्हणून हे झाले असावे. सोपा कर आणि योग्य कर एकच असतात, असे मानण्याचे मात्र कारण नाही.

वजनाला एवढे महत्त्व का द्यावे? इलिनॉय राज्यातील ओटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात अमेरिकी अभियंत्यांनी मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर मालमोटारी सतत फिरवून एक मोठा प्रयोग केला. त्यातून असे दिसून आले की, रस्त्याची झीज ही चाकांच्या आसावर, म्हणजे एक्सलवर, येणाऱ्या भाराच्या सुमारे चौथ्या घाताच्या प्रमाणात होते. भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट नव्हे, सोळा पट. हा नियम ढोबळ आहे हे मान्य केले, तरी त्याचा अर्थ विलक्षण आहे. लहान मोटारीच्या आसावर अर्धा टन भार आणि मोठ्या मोटारीच्या आसावर एक टन भार धरला, तर मोठी मोटार सोळा पट झीज करते. पण भरलेल्या डंपरच्या आसावर दहा टन भार असेल, तर त्याची झीज त्या मोठ्या मोटारीच्या दहा हजार पट!

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण जड मोटारींच्या विरोधात बोलणारे ती सहसा सांगत नाहीत. फार्महाऊसकडे जाणारी आलिशान मोटार रिह्याचा रस्ता उखडीत नाही. तो उखडतो डंपर, आणि त्याच्या साह्याला येतो मुळशीचा पाऊस. रस्त्याच्या झिजेच्या नावाखाली मोटारमालकांवर वजनकर बसविणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याजोगे होईल. (या संन्याशाजवळ पंचवीस-तीस लाखांची मोटार असते, हे खरे.)

मग मोटारीच्या वजनावर कर नकोच काय? हवा, पण त्याचे कारण वेगळे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मायकेल अँडरसन व मॅक्सिमिलियन आउफहॅमर या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, आपल्याला धडकणारे वाहन हजार पौंडांनी, म्हणजे सुमारे साडेचारशे किलोंनी, अधिक जड असेल तर मृत्यूचा संभव ४७ टक्क्यांनी वाढतो. जड मोटार आपल्या मालकाला सुरक्षित ठेवते ती दुसऱ्याची सुरक्षितता कमी करून. शेजाऱ्याने मोठी मोटार घेतली म्हणून आपणही घ्यावी, अशी ही चढाओढ आहे. तिच्यात अखेरीस सुरक्षित कोणीच होत नाही, खर्च मात्र सर्वांचा वाढतो. आपल्या देशात तर धडकणारा आणि धडक सोसणारा हे बहुधा दोघेही मोटारीत नसतात. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली; त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती आणि जवळजवळ पंचमांश पायी चालणारी. एकाच्या व्यवहाराची किंमत त्रयस्थाला मोजावी लागत असेल, तर ती कराच्या रूपाने व्यवहार करणाऱ्याकडे परत न्यावी, हे तत्त्व पिगू यांनी १९२० मध्येच मांडले. बी.ए.च्या विद्यार्थ्यांना ते पाठ असते. त्याला रिहे-घोटावडे रस्त्यावरून दुचाकीने कॉलेजला जाणाऱ्या मुलीपेक्षा चांगले उदाहरण क्रमिक पुस्तकात नाही.

कराने मोटारींची घडण बदलते काय, अशी शंका कोणी काढील. उत्तर पुण्यातच आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरांहून कमी लांबीच्या लहान मोटारींना उत्पादनशुल्कात सवलत मिळाली. टाटा मोटर्सने २००८ मध्ये इंडिगो मोटारीची मागची डिकी आखडून ती चार मीटरांच्या आत बसविली. इतर कारखान्यांनीही तोच मार्ग धरला, आणि आज आपल्या रस्त्यांवर शेपूट कापल्यासारख्या दिसणाऱ्या मोटारींचा एक वर्गच तयार झाला आहे. लांबीवर कर लावला तर मोटार आखूड झाली. वजनावर लावला तर ती हलकी होईल, एवढा विश्वास आपल्या अभियंत्यांवर ठेवण्यास हरकत नसावी. फ्रान्सने २०२४ मध्ये १,६०० किलोंपुढील प्रत्येक किलोस किमान दहा युरो असा अधिभार ठेवला होता. आपल्याकडे मोटारी मुळात हलक्या असल्याने ही रेषा १,२०० किलोंवर आखता येईल.

विजेवर चालणाऱ्या मोटारींमुळे हा विचार आता लांबणीवर टाकता येणार नाही. आजवर पेट्रोल-डिझेलवरील कर हाच आपला अप्रत्यक्ष वजनकर होता. जड वाहन अधिक इंधन जाळते, म्हणून अधिक कर भरते. विजेची मोटार बॅटरीमुळे तशाच पेट्रोल मोटारीहून जड असते, आणि इंधनकर तर ती देतच नाही. त्यावर महाराष्ट्रात तिला वाहनकरात सूट आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतू व मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पथकरही माफ झाला. तीस लाखांहून महाग अशा विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर २०२५ च्या अर्थसंकल्पात सुचविला गेला होता, तो मागे घेण्यात आला. हवा स्वच्छ राखणाऱ्या वाहनाला उत्तेजन द्यावे, यात वाद नाही. परंतु अडीच टनांच्या मोटारीने पादचाऱ्याला उडविले, तर ती विजेवर चालत होती याचे त्याला काय सुख?

इंधनकराची ही कल्पना एका मराठी माणसाच्या नावाशी जोडलेली आहे. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले बॅ. मुकुंदराव जयकर १९२७ मध्ये नेमलेल्या रस्तेविकास समितीचे अध्यक्ष होते. रस्त्यांचा विकास प्रांतिक सरकारे आणि स्थानिक संस्था यांच्या आवाक्याबाहेर चालला आहे, असे या समितीने १९२८ मध्ये सांगितले. पेट्रोलवर जादा कर घेऊन तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा, अशी शिफारस केली. आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. ज्या वाहनाने रस्ता वापरला त्याचा पैसा रस्त्याला मिळावा, हे सूत्र बरोबर होते. मात्र त्यात एक उणीव राहिली. भरलेला ट्रक मोटारीच्या काही पट इंधन जाळतो, पण झीज हजारो पट करतो. इंधनाचा कर सरळ रेषेत वाढतो आणि नुकसान चौथ्या घाताने. हे अंतर कोणीतरी सोसतच असते.

ते कोण सोसतो, हे २०१८ मध्ये पुन्हा दिसले. त्या वर्षी जुलैत केंद्र सरकारने मालवाहू वाहनांची भारमर्यादा वाढविली. चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाढ आकड्यांत तेरा टक्क्यांच्या आतबाहेरची. चौथ्या घाताचा नियम लावला तर झीज मात्र सुमारे साठ टक्क्यांनी वाढते. वाहतूक स्वस्त झाली, हा लाभ खरा आहे. पण त्या ट्रकाखालचा जिल्हा परिषदेचा रस्ता तितका जाड करण्यासाठी पैसा कोठून यावा, याचा उलगडा झाला नाही. आणि हे सारे कायद्याने मान्य असलेल्या भाराचे; त्याहून अधिक भरलेल्या डंपरचा हिशेब वेगळाच. प्रश्न केवळ डांबराचाही नाही. जानेवारी २०२५ मध्ये हिंजवडी परिसरात काँक्रीटचा मिक्सर उलटून त्याखाली दुचाकीवरील दोन तरुणी मृत्युमुखी पडल्या.

माझ्या मते म्हणूनच या विषयाची फोड केली पाहिजे. मोटारींवरील वजनकर राज्याने आपल्या एकरकमी करात मिसळावा, आणि शहराने वजनाचा निकष आपल्या अधिकारातील एकमेव जागी, म्हणजे वाहनतळाच्या शुल्कात, लावावा. पुणे महापालिकेने २०१८ च्या मार्चमध्ये वाहनतळाचे धोरण मंजूर केले. ते प्रथम पाच रस्त्यांपुरते आखडले आणि मग तेथेही नीट अमलात आले नाही. पॅरिसचे अनुकरण करू इच्छिणाऱ्यांनी आधी तेथून सुरुवात करावी. डंपर, मिक्सर व इतर अवजड वाहनांचा वार्षिक कर वजनानुसार आहेच. तो एकूण वजनाऐवजी आसावरील भारावर ठरवावा, आणि त्याचा ठरावीक हिस्सा ज्या तालुक्यांच्या रस्त्यांवरून ही वाहने फिरतात त्या जिल्हा परिषदांकडे परस्पर जावा. गौण खनिजाच्या स्वामित्वधनाबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे रक्कम जमा होते. तीच वाट येथेही चालेल.

यावर बांधकाम व्यावसायिक म्हणतील की, हा भार सदनिकेच्या किमतीवर पडेल. तो पडावाच. हिंजवडीतील सदनिकेच्या किमतीत सिमेंट आहे, लोखंड आहे, जमीन आहे; ते सिमेंट ज्या रस्त्यावरून आले तो रस्ता तेवढा फुकट धरला आहे. भाजीपाला व दूध नेणाऱ्या शेतकऱ्याच्या पिकअपचा प्रश्न मात्र रास्त आहे. एवढ्या वजनाच्या वाहनाची झीज डंपरच्या तुलनेत नगण्य असल्याने त्याला या जादा भारातून वगळणे तर्काला धरूनच होईल. ती कृपा ठरणार नाही.

अंमलबजावणीची अडचण पुढे केली जाते, ती निदान मोटारींच्या बाबतीत टिकत नाही. प्रत्येक वाहनाच्या नोंदणीपत्रात त्याचे रिक्त वजन लिहिलेले असते. परिवहन कार्यालयाजवळ हा आकडा आजही आहे. कर आकारताना तो वाचला जात नाही, एवढेच. अवजड वाहनांसाठी मात्र वजनकाटे लागतील, आणि ते महामार्गावरील पथकर नाक्यांऐवजी खाणींच्या व काँक्रीट प्रकल्पांच्या दाराशी बसवावे लागतील, कारण रिह्याकडे येणारा डंपर महामार्गाने येत नाही.