एक सातबारा, दोन हक्कदार

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका नगरपरिषदेच्या हद्दीतला चार हेक्टरांचा गट आम्ही पायी फिरून पाहिला. बरोबर नगरपरिषदेचे रचना सहायक होते. त्यांच्या एका हातात मोजणीचा नकाशा आणि दुसऱ्या हातात जमीनमालकाने कलम 127 खाली बजावलेल्या खरेदी सूचनेची प्रत. गटाच्या वरच्या अंगाला डांबरी रस्ता, मध्ये पडीक माळ आणि खालच्या अंगाला ओढा. ओढ्याकाठी अर्जुनाची जुनी झाडे आणि एक दगडी बांधकामाची विहीर. ऐन मार्चमध्येही विहिरीत दोन पुरुष पाणी होते. विकास योजनेत सबंध गटावर उद्यानाचे आरक्षण आहे. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर, निळ्या पूररेषेच्या आत, पत्र्याची पन्नास-साठ घरे आहेत. त्यातल्या एका घराच्या उंबऱ्यात बसलेल्या बाई नगरपरिषदेच्याच सफाई विभागात ठेकेदारामार्फत काम करतात. त्यांनी विचारले, “साहेब, हितं बाग झाली की आम्हाला उठवणार का?”

रचना सहायकांकडे उत्तर नव्हते. आमच्याकडेही नव्हते.

आपल्यापैकी बहुतेकांना हा प्रसंग ओळखीचा असेल. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची कार्यवाही झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होते आणि लगतच्या जमिनीला जो वापर अनुज्ञेय आहे तोच या जमिनीलाही मिळतो. सभेचा ठराव करून सरकारकडे प्रस्ताव पाठवला म्हणजे कार्यवाही झाली असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. मुदत अशी टांगलेली असताना या नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत मात्र दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे, आरक्षण उद्यानाचे आहे, वितभरही जागा दुसऱ्या कामाला देऊ नका. दुसऱ्याचे म्हणणे, गावात डोक्यावर छप्पर नसलेली माणसे असताना एवढा पैसा झाडांवर घालायचा नाही. दोन्ही तटांतली माणसे प्रामाणिक आहेत. त्यांच्या वादात विषय दोनदा तहकूब झाला आणि चोवीसपैकी तेरा महिने गेले.

आमचे म्हणणे सरळ आहे. गावाने जमीन घ्यायची असेल, तर तिच्यातला कोणता भाग घरांचा आणि कोणता राखायचा हे खरेदीच्या आधी ठरले पाहिजे आणि खरेदीच्या ठरावातच लिहिले गेले पाहिजे. घेऊन ठेवू, वापराचे मागाहून पाहू, असे म्हणत राहिल्यानेच परवडणारी घरे आणि मोकळी जमीन ही दोन्ही आजवर आपल्या हातून निसटली आहेत.

याचा सर्वांत मोठा पुरावा गिरणगावात आहे. मुंबईतल्या 58 गिरण्यांची मिळून सुमारे 600 एकर जमीन. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 ने तिच्या पुनर्विकासासाठी तीन वाटे सांगितले होते : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. त्या काळाच्या मानाने हा फार मोठा विचार होता, कारण घर आणि मैदान यांना एकाच नियमात शेजारी बसवले गेले होते. 1996 मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या 25 गिरण्यांचा अभ्यास केला आणि सुट्या तुकड्यांऐवजी जमिनीचा एकत्र विचार करायला सांगितले. ते झाले नाही. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? उच्च न्यायालयाने 2005 मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला, पण मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2001 चा बदल कायम ठेवला. मैदानांचा वाटा आणि घरांचा वाटा एकाच दिवशी आकसला. ही दोन मागण्यांची आपसातली स्पर्धा असती, तर एकीचे नुकसान हा दुसरीचा लाभ ठरला असता. इथे दोघींचे नुकसान झाले.

दुसरा धडा पुण्याचा. हद्दीत आलेल्या 23 गावांतल्या डोंगरमाथ्यांवर आणि उतारांवर सुमारे 978 हेक्टर क्षेत्रात जैवविविधता उद्यानाचे आरक्षण ठेवले गेले. हेतू शंभर टक्के योग्य होता. टेकड्या उघड्या पडल्या तर पाणी कुठे मुरणार? पण आरक्षण म्हणजे खरेदी नव्हे. मोबदला म्हणून 8 टक्के टीडीआर ठरला, तो बहुसंख्य जमीनमालकांना मान्य झाला नाही, आणि जमीन ताब्यात न येताच वर्षे गेली. त्या काळात उतारांवर गुंठ्या-दोन गुंठ्यांची विनापरवाना घरे उभी राहिली. ती बांधणाऱ्यांना टेकडीशी वैर नव्हते. त्यांना पायथ्याशी परवडणारे घर मिळत नव्हते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा ओढ्याला खेटून असलेल्या वस्त्यांत माणसे वाहून गेली. ओढ्याचा काठ राखणे आणि गरिबाला सुरक्षित जागी घर देणे ही दोन खात्यांची दोन कामे असल्याचे आपण कागदावर मानतो. पाणी चढते तेव्हा ती दोन्ही एकाच दारात येऊन उभी राहतात.

या गुंत्यातून वाट काढलेली गावे जगात आहेत. अमेरिकेतले व्हरमाँट हे जेमतेम साडेसहा लाख वस्तीचे राज्य. 1980 च्या दशकात तिथे जमिनीचे भाव भडकले. शेते विकली जाऊ लागली आणि स्थानिकांना घरे परवडेनाशी झाली. शेतजमीन वाचवणारे, जुन्या वास्तू जपणारे आणि घरांसाठी झगडणारे असे तीन गट तेव्हा वेगवेगळ्या मागण्या घेऊन विधिमंडळात गेले नाहीत. त्यांनी एकच मागणी केली. 1987 मध्ये ‘व्हरमाँट हाउसिंग अँड कन्झर्व्हेशन बोर्ड’ कायद्याने स्थापन झाले. नावातच घर आणि जमीन-संवर्धन जोडलेले आहे आणि दोन्हींसाठी निधी एकाच तिजोरीतून जातो.

शेजारच्या मॅसॅच्युसेट्सचा 2000 सालचा कायदा नगरपरिषदांच्या लोकांनी अभ्यासावा असा आहे. गावकऱ्यांनी मतदानाने मान्य केले, तर मालमत्ता करावर 3 टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो. त्या निधीतला प्रत्येकी किमान 10 टक्के भाग मोकळ्या जमिनीसाठी, ऐतिहासिक वारशासाठी आणि घरांसाठी राखावाच लागतो. उरलेला 70 टक्के भाग या कामांमध्ये गरजेप्रमाणे वळवता येतो. म्हणजे कोणत्याही एका तटाला दुसऱ्याला उपाशी ठेवता येत नाही. त्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक गावा-शहरांनी हा अधिभार आपणहून स्वीकारला आहे. आणखी एक तरतूद आपल्या खरेदी सूचनेच्या जवळची आहे. शेती किंवा जंगल म्हणून करात सवलत घेतलेली जमीन मालक दुसऱ्या वापरासाठी विकायला निघाला, तर तीच किंमत देऊन ती घेण्याचा पहिला हक्क गावाला मिळतो. निर्णयासाठी मुदत फक्त 120 दिवसांची. एवढ्या थोड्या वेळात निभावते ते अशा गावाचे, ज्याने कोणती जमीन कशासाठी हवी याची यादी आधीच करून ठेवली आहे.

त्याच राज्यातले नँटकेट बेट मात्र सावध करते. 1983 मध्ये तिथे जमीन खरेदी-विक्रीवर 2 टक्के शुल्क लावून मोकळी जमीन विकत घेणारी ‘लँड बँक’ सुरू झाली. आज बेटाचा निम्म्याच्या आसपास भाग संरक्षित आहे आणि ते मोठे यश आहे. पण घरांसाठी तेवढ्याच ताकदीची व्यवस्था बरोबरीने उभी राहिली नाही. उन्हाळी बंगल्यांच्या मागणीने भाव चढत गेले आणि बेटावरच्या कितीतरी कामगारांना रोज मुख्य भूमीवरून ये-जा करावी लागते. जमीन राखली आणि तिथे काबाडकष्ट करणारा माणूस मात्र बाहेर पडला.

आता पुन्हा त्या चार हेक्टरांकडे येऊ आणि हिशेब मांडू. ओढ्याचा पट्टा, विहीर, झाडे आणि पाणी मुरणारा उतार मिळून तीन हेक्टर होतात. रस्त्यालगतचा वरचा एक हेक्टर सपाट आहे आणि पूररेषेपासून दूर आहे. त्याच्यावर 1.1 चा मूळ चटई निर्देशांक धरला, तर 11,000 चौरस मीटर बांधकाम होते. 30 चौरस मीटर चटईक्षेत्राच्या घराला जिना-बोळासह 45 चौरस मीटर धरले, तरी 240 घरे बसतात. तळमजला आणि वर तीन मजले बांधले, तर इमारतींखाली जेमतेम 2,750 चौरस मीटर जमीन जाते. ओढ्याकाठच्या सगळ्या कुटुंबांना चौथा हिस्सा घरे पुरतात. उरलेली घरे गावातल्या इतर गरजूंना मिळतात. आणि तीन हेक्टर जमीन ओढ्याची राहते. पेव्हर ब्लॉक आणि कारंजे यांचे उद्यान तिथे करू नये. पाणी मुरू द्यावे, अर्जुन वाढू द्यावा.

ही मांडणी कागदावर आणायची, तर काही गोष्टी क्रमाने कराव्या लागतील. पहिली म्हणजे जमिनीची पाहणी. मोजणी नकाशावर पूररेषा, उतार, विहिरी आणि मोठी झाडे उतरवल्याशिवाय घरांची रेघ ओढू नये. दुसरी, उद्यानाच्या आरक्षणातून एक हेक्टर वगळायचा तर कलम 37 खालचा फेरबदल हरकती-सूचना मागवून, उघडपणे, मूल्यनिश्चितीच्या आधी सुरू करावा. उद्यानाची जागा मागच्या दाराने दुसऱ्या वापराला देणे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच बंगळूर मेडिकल ट्रस्टच्या खटल्यात अमान्य केले आहे. उद्यानप्रेमींची हरकत म्हणूनच वजनदार आहे. तिला उत्तर द्यावे, ती टाळू नये. तिसरी, कलम 126 मधले तिन्ही मार्ग मालकासमोर ठेवावेत : वाटाघाटीने किंमत, टीडीआर किंवा भूसंपादन. 2013 च्या कायद्याने बाजारभावाइतकाच दिलासा वर द्यावा लागतो, त्यामुळे लहान नगरपरिषदेला सबंध रक्कम एका वर्षात झेपणार नाही. घरांच्या योजनेतून बांधकामाला अनुदान मिळते, जमिनीचा बोजा नगरपरिषदेवरच राहतो. म्हणून दरवर्षीच्या अंदाजपत्रकात जमीन-खरेदीचे स्वतंत्र शीर्ष असावे आणि त्यात घरांचा व मोकळ्या जमिनीचा किमान वाटा आधीच बांधलेला असावा.

चौथी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे. दोन्ही वाटे टिकले पाहिजेत. घर विकून लाभार्थी पुन्हा ओढ्यावर गेला, तर खरेदी वाया गेली. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन शहरात 1984 पासून चालत आलेल्या व्यवस्थेत जमीन न्यासाची राहते आणि घर कुटुंबाचे. विकताना वाढलेल्या किमतीचा चौथा हिस्सा कुटुंब घेते, बाकी फायदा पुढच्या गरजू खरेदीदाराला कमी किमतीच्या रूपाने मिळतो. जमीन नगरपरिषदेची ठेवून घरे दीर्घ भाडेपट्ट्याने देणे आपल्याकडेही शक्य आहे. राखलेल्या जमिनीलाही तसेच कुलूप हवे. मॅसॅच्युसेट्समध्ये संवर्धनासाठी घेतलेल्या जमिनीचा वापर बदलायला 1972 पासून राज्याच्या दोन्ही सभागृहांचे दोन-तृतीयांश मत लागते. आपल्याकडे एक साधा फेरबदल पुरतो. निदान खरेदीच्या ठरावात गट क्रमांक, चतु:सीमा आणि क्षेत्र घालून ‘ओढा व वनराई, कायम’ असे लिहिले, तर पुढच्या सभेला ते बदलताना लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलावे लागेल.

राज्यातल्या अनेक नगरपरिषदांच्या विकास योजनांची सुधारणा सध्या चालू आहे किंवा होऊ घातली आहे. योजना आखणाऱ्या आमच्या मित्रांना विनंती आहे की, नकाशावर उद्यानाचा हिरवा आणि घरांचा पिवळा रंग दोन वेगळ्या टेबलांवरून भरू नका. जिथे जमीन दोन्ही पेलू शकते, तिथे पहिल्या मसुद्यातच दोन्ही आरक्षणे शेजारी ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी सूचना आली तर वाद नव्याने सुरू होणार नाही.

त्या चार हेक्टरांच्या सूचनेचे अकरा महिने शिल्लक आहेत. रचना सहायकांनी परतताना मोजणी नकाशावर पेन्सिलीने एक रेघ ओढली : वर एक हेक्टर, खाली तीन. सभेने ती रेघ शाईने पक्की केली, तर ओढ्याकाठच्या त्या बाईंना सांगता येईल, होय, तुम्हाला इथून उठावे लागेल. पण तुमचे घर वर, रस्त्याच्या कडेला, पाणी चढत नाही तिथे आहे, आणि आधी ते बांधून होईल, मगच तुम्ही उठाल.