वर्गात आपा, मुख्याध्यापकाच्या खुर्चीत कोण?

आपल्या उर्दू शाळांच्या स्टाफरूममध्ये अनेक ठिकाणी आपाच जास्त दिसतात. मुख्याध्यापकाच्या दालनात आणि संस्थेच्या बैठकीत मात्र चित्र उलटं असतं. असं का?

"बायकाच जबाबदारी घेत नाहीत" हे उत्तर सोपं आहे, पण अपुरं आहे. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांसाठी 1981 ची सेवाशर्ती नियमावली आहे. इतर संस्थांत मुख्याध्यापकपद साधारणपणे सेवाज्येष्ठतेने मिळतं. अल्पसंख्याक संस्थांना मात्र आपल्या पसंतीचा मुख्याध्यापक निवडता येतो. हा हक्क घटनेच्या कलम 30 मधून येतो आणि तो जपायलाच हवा. पण जिथे ज्येष्ठता बंधनकारक नाही, तिथे ओळखीला वजन येतं. कोणाचं नाव कोणी सुचवलं, यावर बरंच ठरतं. ही बोलणी नमाजनंतर मशिदीबाहेर, दावतीत, चहाच्या हॉटेलात होतात. तिथे आपा नसतात.

म्हणूनच शिक्षिकांची स्वतःची तंझीम हवी. ही काही नवी गोष्ट नाही. 1927 मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तीही तालीमच्या प्रश्नावर. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या अधिवेशनाच्या अध्यक्षस्थानी भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम होत्या. याच परिषदेत काम केलेल्या बेगम शरीफा हमीद अली पुढे तिच्या अध्यक्ष झाल्या आणि 1947 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिला आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. हुशारी त्यांची होतीच, पण मागे संघटना उभी होती.

आज जिल्ह्यातल्या वीस-पंचवीस शिक्षिकांनी महिन्यातून एकदा बसलं तरी पुष्कळ होईल. निवृत्तीचं वय 58 आहे, म्हणजे कोणत्या शाळेत जागा कधी रिकामी होणार हे आधीच मोजता येतं. जी आपा मुख्याध्यापिका आहे, तिने संचमान्यता, यू-डायस, पगारबिलं ही कामं इतरांना शिकवावीत. "कार्यालयीन काम बाईंना जमणार नाही" ही सबब मग टिकणार नाही. आणि पात्र शिक्षिकेचं नाव संस्थेकडे एकटीने नाही, सगळ्यांनी मिळून सुचवावं.

संस्थाचालकांनीही पद रिकामं होण्याआधी सर्व पात्र शिक्षकांकडून लेखी अर्ज मागवावेत. घरच्यांनी बैठकीच्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक सांभाळावा. आपल्या मुली शाळेत रोज बघतात की सही कोण करतं. त्यातूनच त्या आपली झेप ठरवतात.