प्रश्न उपस्थित होत नाही

डिसेंबर लागला की आमच्या सौंसरच्या बसस्टँडवर चहाबरोबर नागपूरचे अधिवेशनही उकळायला लागते. सकाळच्या गाडीने नागपूरची मराठी वर्तमानपत्रे येतात. काटोलच्या आमदाराने काय विचारले, सावनेरची लक्षवेधी लागली की नाही, कोण सभात्याग करून बाहेर पडले, सगळे आम्हाला तोंडपाठ. एकदा अशाच गप्पांत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पेपरची घडी करत विचारले, "हे समदं तिकडचं झालं. आपल्या विधायकानं भोपाळात काय इचारलं, हे कोनाले माईत हाय का?"

कोणालाच माहीत नव्हते. मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक. 'प्रश्नोत्तराचा तास' हा धडा दरवर्षी शिकवतो, परीक्षेत त्यावर टीप लिहायला देतो. मीही चहाच्या कपात पाहत राहिलो.

वाचकहो, आपल्या भागाची ही जुनी गंमत आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत सौंसर-पांढुर्ण्याचा प्रश्न नागपुरातच विचारला जाई. त्या वेळच्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदीबरोबर मराठीही राज्याची भाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्यप्रदेशातच राहिलो. राज्याचे नाव तेच राहिले, राजधानी तेवढी भोपाळला गेली. तेव्हापासून आपण भांडतो मराठीत आणि अर्ज करतो हिंदीत. तलाठ्याला पटवारी म्हणतो, आमदाराला विधायक म्हणतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, कलेक्टर दाराशी आला. तरी मोठा कागद हलायचा तो भोपाळहूनच हलतो.

हा कागद हलवण्याची जी साधने लोकशाहीने दिली आहेत, त्यात सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त साधन म्हणजे सभागृहातला प्रश्न. इंग्रजांच्या राज्यात १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातल्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. पहिला प्रश्न विचारला गेला १६ फेब्रुवारी १८९३ ला, भिनग्याच्या राजेसाहेबांकडून. विषय काय होता? दौऱ्यावर आलेल्या साहेबांच्या छावणीला रसद पुरवताना गावोगावच्या दुकानदारांना जो जाच होतो, तो. राजाने विचारलेला देशातला पहिला प्रश्न खेड्यातल्या वाण्याचा होता, ही गोष्ट मला फार आवडते. उपप्रश्न विचारण्याचा हक्क मिळायला मात्र १९०९ साल उजाडावे लागले.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाने मोठमोठे बुरूज हलवले. आयुर्विमा महामंडळाचा पैसा हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत कसा गुंतवला गेला, याची विचारणा १९५७ मध्ये लोकसभेत आधी प्रश्नाच्या रूपानेच झाली. उत्तर गुळमुळीत आले. मग डिसेंबरात फिरोज गांधींनी तो विषय लावून धरला. ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते, हे विशेष. न्यायमूर्ती छागला यांची चौकशी मुंबईत उघडपणे झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना जावे लागले. आपले मधू लिमये पुण्यात जन्मले आणि बिहारमधून निवडून गेले. नियमांचे पुस्तक हातात धरून ते उभे राहिले की मंत्री कागद चाचपू लागत.

पण ही झाली दिल्लीची गोष्ट. प्रश्नाची ताकद मला कळली ती माझ्या बाबांच्या वाडीत.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गारपीट झाली. आमच्या गावाकडच्या चार एकरांतला संत्रा एका संध्याकाळी जमिनीवर आला. पटवारी आले, पाहून गेले. नैसर्गिक आपत्तीची मदत आपल्याकडे राजस्व पुस्तक परिपत्रकाच्या 'सहा-चार' या कलमाखाली मिळते. आमच्याकडच्या शेतकऱ्याला ज्ञानेश्वरीतली ओवी पाठ नसेल, पण 'सहा-चार' पाठ असते. पावसाळा आला, शेजाऱ्यांच्या खात्यात पैसे जमा झाले, बाबांच्या झाले नाहीत. बाबा तेव्हा सत्तरी ओलांडलेले. एका कार्यालयात त्यांनी किती खेटे घातले ते मोजले नाही. चप्पल बदलावी लागली एवढे आठवते. उत्तर एकच, "वर पाठवलं आहे."

शेवटी मी दोन पानांचे निवेदन लिहिले आणि विधायकांकडे घेऊन गेलो. त्यांच्याकडे कागद पाहणारा एक तरुण होता. त्याने वाचले आणि अदबीने म्हणाला, "सर, हे भाषण झालं. यात प्रश्न कुठं आहे?"

वीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाला त्या दिवशी धडा मिळाला. नियम असा की प्रश्नात आरोप नको, मत नको, तर्क नको. विषय नेमका हवा आणि ज्याचे उत्तर सरकारजवळ असलेच पाहिजे तेच विचारायला हवे. आम्ही दोघांनी मिळून चार ओळी केल्या. (क) अमुक तारखेच्या गारपिटीत अमुक गावांतल्या किती शेतकऱ्यांची पाहणी झाली? (ख) किती जणांना, किती रक्कम, कोणत्या तारखेला दिली? (ग) किती जणांना दिली नाही, त्यांची नावे आणि कारणे काय? (घ) ती कधीपर्यंत देणार? दोन पानांचा संताप चार ओळींत मावला. आणि खरे सांगतो, जास्त धारदार झाला.

पुढच्या अधिवेशनात छापील उत्तर आले, "जानकारी एकत्रित की जा रही है." मी चिडलो. बाबा ओट्यावर बसून हसले. "जमा करून राह्यले म्हंते ना? करू दे. पयल्यांदा कोनी जमा तं करून राह्यलं!"

बाबांचेच बरोबर निघाले. आठवड्याभरात पटवारी मोटरसायकलवर घरी आले, पासबुक मागितले. खात्याच्या क्रमांकात एक आकडा चुकला होता. रक्कम मंजूर होऊन परत गेली होती आणि महिनोन् महिने तशीच पडून होती. बाबांसारखे आणखी काहीजण होते. महिन्याभरात पैसे जमा झाले.

तेव्हा मला उमगले की प्रश्नाचे खरे काम सभागृहातल्या आरडाओरड्यात होत नाही. ते होते त्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत. प्रश्न विधानसभेच्या सचिवालयातून खात्याकडे जातो, खात्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तहसिलीला, तहसिलीतून पटवाऱ्याच्या दप्तराला. प्रत्येक पायरीवर त्याच्यावर तारीख असते. तुमचा-माझा अर्ज पेपरवेटखाली ठेवता येतो. हा ठेवता येत नाही, कारण दुसऱ्या टोकाला एक मंत्री ठरलेल्या दिवशी उत्तरदायी असतो आणि सभागृहाला जाणूनबुजून खोटे सांगितले तर विशेषाधिकार भंगाचे प्रकरण होऊ शकते. पाणी वरून सोडले की चारीच्या शेवटच्या टोकापर्यंत जावेच लागते, तसे हे आहे.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

पुरे उत्तर त्याच्या पुढच्या अधिवेशनात आले. प्रत्येक भागाच्या उत्तराला एक ठरलेली भाषा असते. "जी हाँ." "जानकारी पुस्तकालय में रखे परिशिष्ट अनुसार है." आणि शेवटी "शेषांश का प्रश्न उपस्थित नहीं होता." तिकडे महाराष्ट्रात "हे खरे आहे काय?" असे विचारतात आणि "अंशतः खरे आहे", "प्रश्न उद्भवत नाही" अशी उत्तरे येतात. भाषा दोन, पण सूर एकच. विधायकांकडच्या त्या तरुणाने परिशिष्टाच्या झेरॉक्सचा गठ्ठा मला दिला. मी बाबांचे नाव शोधले, त्यापुढची रक्कम पाहिली, समाधान झाले आणि गठ्ठा कपाटात ठेवून दिला.

आठ-नऊ महिन्यांनी आमच्या वाडीच्या धुऱ्याला लागून शेत असलेल्या एक मावशी घरी आल्या. मालक वारलेले, मुलगा नागपूरला कामाला. म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या बाबाचे पैसे कसे निंगाले? मले तं अजून नाई भेटले." मी सहज कपाट उघडले, गठ्ठा काढला. तिसऱ्या पानावर त्यांच्या मालकांचे नाव होते. पुढे रक्कम होती, तारीख होती आणि रकान्यात लिहिले होते, भुगतान झाले. मृत माणसाच्या बंद खात्यावर.

त्यांनी तोवर बैलजोडी विकली होती.

चूक कोणाची, यावर मी खूप विचार केला. कार्यालयाची होतीच. पण विधायकांनी विचारले होते, मंत्र्यांनी उत्तर दिले होते, छापून आले होते, आणि ते उत्तर खोटे ठरवू शकणारा कागद आठ महिने माझ्या कपाटात पडून होता. भोपाळात बसलेल्या कोणालाही कळणे शक्य नव्हते की त्या यादीतला हा माणूस हयात नाही. ते फक्त आम्हाला कळू शकत होते. मी माझ्यापुरते वाचले आणि थांबलो. तो छापील कागद आणि मृत्यूचा दाखला घेऊन आम्ही पुन्हा गेलो. छापील कागदापुढे "वर पाठवलं आहे" चालले नाही. पैसे मिळाले. बैल मिळाले नाहीत.

म्हणून माझे सांगणे असे, की विधायक जेवढा बोलतो तेवढीच ही व्यवस्था चालते हा आपला भ्रम आहे. नेमकी माहिती देणे हे आपले काम आणि आलेले उत्तर ताडून पाहणे हेही आपलेच काम. ही दोन टोके आपण सोडली की मधला प्रश्न नुसता छापखान्याच्या कामाचा उरतो.

या साधनाला कीड लागत नाही असे मुळीच नाही. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारण्याचे प्रकरण छुप्या कॅमेऱ्यात सापडले. संसदेने अकरा खासदारांना घरी पाठवले, त्यात आपल्या शेजारच्या खानदेशातलेही होते. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या काळात संसदेने प्रश्नोत्तराचा तासच गुंडाळला. लेखी उत्तरे तेवढी राहिली. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको, एवढेच राज्यघटना सांगते. अधिवेशन किती दिवस चालावे हे ती सांगत नाही. गोंधळात तास वाहून गेला तर तारांकित प्रश्नावर उपप्रश्न विचारण्याची संधी त्याच्याबरोबर वाहून जाते.

कोणी म्हणेल, माहितीचा अधिकार आहे ना? आहे, आणि २००५ पासून त्याने पुष्कळ काम केले. मूळ कायद्यात एक सुंदर ओळ होती. जी माहिती संसदेला किंवा विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, अशा अर्थाची. म्हणजे विधायक आणि त्याचा मतदार एका पंगतीत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने ती ओळ ज्या खंडाला जोडलेली होती तो खंडच बदलला. लाभार्थ्याचे नाव, खाते, रक्कम ही 'वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारली जाण्याची भीती जाणकार बोलून दाखवतात. अशा दिवसांत सभागृहातल्या प्रश्नाचे मोल वाढते, कमी होत नाही.

तर करायचे काय? पहिले, प्रश्न कुठला कुठे जातो ते ओळखावे. पटवारी, वीज, शाळा, दवाखाना, सिंचन हे भोपाळचे. रेल्वे दिल्लीची. २०१५ च्या अखेरीस आपली छोटी गाडी बंद झाली आणि मोठ्या लाइनीवरून छिंदवाडा-नागपूर गाडी धावायला २०२२ उजाडले. त्या काळात लोक गाडीचे गाऱ्हाणे विधायकांकडे नेत होते. ते गाऱ्हाणे खासदारांचे होते. दुसरे, हार-तुरे घेऊन भेटायला जाल तेव्हा एक चिठ्ठीही न्या. तीत गाव, तारीख, कामाचे नाव आणि मंजुरीचा क्रमांक एवढेच असू द्या. रस्ता झाला का असे विचारू नका. किती लांबीचा झाला, कोणत्या तारखेला पूर्ण झाला, किती पैसे दिले असे विचारा. 'होय'ने सुटता येणार नाही असा प्रश्न चांगला. तिसरे, मंत्री सभागृहात "करू" म्हणाले तर ते आश्वासन ठरते आणि त्याचा पाठपुरावा करायला सभागृहाची आश्वासन समिती असते. ती तारीख लिहून ठेवा.

आणि चौथे, उत्तर वाचा. विधानसभेची प्रश्नोत्तरे आता संगणकावर मिळतात. माझ्या वर्गातली मुले दर अधिवेशनानंतर सौंसर आणि पांढुर्ण्याची उत्तरे शोधून काढतात, मराठीत उतरवतात आणि एक प्रत बसस्टँडवरच्या त्या टपरीत लावतात. परवा एका मुलीने विचारले, "सर, 'शेषांश का प्रश्न उपस्थित नहीं होता' हे मराठीत कसं लिहू?"

मी म्हणालो, जसेच्या तसे लिही. आणि खाली थोडी जागा कोरी सोड. ज्याचा प्रश्न अजून उपस्थित आहे, तो तिथे येऊन लिहील.